आभासी रुग्णाची जात कोणती?

वैद्यकीय शिक्षणात आता खेळ आला आहे. संगणकाच्या पडद्यावर एक रुग्ण येतो आणि तक्रार सांगतो. विद्यार्थ्याने प्रश्न विचारायचे, तपासण्या निवडायच्या, निदान करायचे. चुकले तर गुण जातात, जीव जात नाही. 2019 पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला, कौशल्य प्रयोगशाळा आल्या. हे खेळही त्याच वाटेवरचे आहेत. आम्ही त्यांचे स्वागत करतो, पण डोळे उघडे ठेवून.

स्वागत का? आजवर डॉक्टर कुणाच्या शरीरावर शिकले? सरकारी रुग्णालयाच्या खाटेवरील गरिबाच्या. दहा विद्यार्थी रांगेने जे पोट दाबून पाहतात, ते बहुधा आमच्याच माणसाचे असते. त्याची संमती कोण विचारतो? सुरुवातीच्या चुका पडद्यावर झाल्या, तर तेवढ्या तरी आमच्या आयाबहिणींच्या अंगावर होणार नाहीत.

दुसरे कारण राऊंडचे. निदानाचा विचार बोलून, चुकून आणि चूक दुरुस्त करून शिकला जातो. पण शिकणारी पहिलीच पिढी असलेला विद्यार्थी सगळ्यांसमोर चुकला, की त्याची चूक त्याची राहत नाही, ती आरक्षणाची होते. मग तो गप्प राहतो आणि जो गप्प राहतो तो मागे पडतो. यंत्र आडनाव विचारत नाही, टोमणा मारत नाही. ही सोय लहान नाही.

पण यंत्राला आडनाव नसले तरी खेळ लिहिणाऱ्याला असते. त्याने कोणता रुग्ण लिहिला? छातीत दुखणारा, चांगला विमा असलेला, इंग्रजी बोलणारा अधिकारी? विदर्भातल्या एखाद्या मुलीचे सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळसर दिसतात, घरचे म्हणतात कामाचा कंटाळा. सिकलसेल विदर्भात आदिवासींमध्ये आणि नवबौद्धांमध्येही आढळतो, हे दशकानुदशके माहीत आहे. ही मुलगी खेळात आहे का? आणि असेल, तर समाज हा निदानाचा एक धागा म्हणून आहे की जातीचा शिक्का म्हणून?

दुसरे उदाहरण घ्या. तीन तरुण एकामागून एक बेशुद्ध पडले. काम काय करता, हे ज्याने विचारले नाही त्याला निदान सापडणार नाही, कारण ते गटारात उतरले होते आणि आत हायड्रोजन सल्फाइड होता. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा, असे इटलीच्या रामाझ्झिनीने 1700 साली कामगारांच्या आजारांवरील ग्रंथात लिहून ठेवले. त्याला या विषयाकडे वळवले ते त्याच्याच घरचा मैलाकूप घाईघाईने उपसणाऱ्या कामगाराने. आपल्याकडे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे, पण माणसे अजून गटारात मरतात. हा प्रश्न न विचारणाऱ्याला पूर्ण गुण देणारा खेळ नेमके काय शिकवतो?

गुण कशाला द्यायचे, हाही राजकीय प्रश्न आहे. वेगाला गुण दिले, तर पहिल्या अंदाजालाच चिकटून बसण्याची सवय लागते. निदान चुकण्याचे ते एक मोठे कारण आहे. शिवाय मजकूर इंग्रजी असेल, तर घड्याळ बुद्धी मोजत नाही, शाळेचे माध्यम मोजते. एका क्लिकवर एमआरआय मिळत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर घडत नाही. तपासणीसाठी बुडणारी मजुरी आणि तालुक्याचे एसटीभाडेही पडद्यावर दिसले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. हे खेळ सरकारी महाविद्यालयांत मोफत आणि मराठीतही असावेत. वसतिगृहातल्या साध्या मोबाईलवर, इंटरनेटशिवाय चालावेत. रुग्णकथा लिहिणाऱ्यांत आमचे डॉक्टर, आशाताई आणि सफाई कामगार असावेत. खेळ संपल्यावर चर्चा घेणारा शिक्षक असावा. खेळ दाखवून अध्यापकांची रिक्त पदे झाकू नयेत.

परंपरा सांगते, ग्रंथ सांगतो, गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे बुद्धांनी कालामांना सांगितले. निदानाचा विचार याहून वेगळा नाही. ही तपासणी शिकवणारा खेळ आम्हाला हवा आहे. पण त्यातला रुग्ण कोण, हे ठरवताना आम्ही खोलीबाहेर उभे राहणार नाही.