धंदा कोणता, हे कोण विचारणार?

आमच्या वस्त्यांतील मुले-मुली आज अभ्यासिकांत रात्र रात्र बसून निदान-उपचाराचे प्रश्नसंच सोडवीत आहेत, याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. २०२५ च्या नीट-पीजी परीक्षेत साडेतीन तासांत २०० प्रश्न होते. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम मिनिट. ‘दगडखाणीत वीस वर्षे काम केलेला कामगार, दम लागतो, एक्स-रेमध्ये छातीतील गाठींभोवती अंड्याच्या कवचासारखा चुना, निदान काय?’ विद्यार्थी क्षणात सांगतो, सिलिकोसिस. गुण मिळाले!

पण चाकणच्या दवाखान्यात रोगी असा छापून येत नाही. तो म्हणतो, ‘साहेब, खोकला जात नाही.’ धंदा विचारलाच, तर उत्तर येते, ‘कंपनीत आहे.’ डॉक्टर तिथेच थांबला, की निदान चुकते. कंपनीत म्हणजे कुठे? फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर, ग्राइंडिंगला, की पेंट शॉपमध्ये? सिलिकोसिस आणि क्षयरोग या दोहोंचे डाग बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका अधिक. म्हणून थुंकी तपासायची आणि धंदाही विचारायचा. नुसत्या एक्स-रेवर टीबीच्या गोळ्या देऊन माणूस पुन्हा त्याच धुळीत धाडला, तर त्याला काय वाचवले? सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. धूळ थांबविणे हाच मुख्य उपाय. गाडीच्या रंगातील आयसोसायनेटने दमा होतो. तेथे ‘सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का?’ एवढ्या एका प्रश्नाने निदानाची वाट सापडते.

इटलीच्या रामाझिनी या वैद्याने रोग्याला धंदा विचारा, असे १७०० साली लिहून ठेवले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या खात्याने कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी केली. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. कारखाना कायद्याने सिलिकोसिसची खबर देणे डॉक्टरवर बंधनकारक केले होते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ते बंधन आहे. पण निदानच झाले नाही, तर खबर कसली आणि भरपाई कसली? कंत्राटी कामगाराचा तर ठेकेदार बदलतो, पुरावा उरत नाही. धूळ मात्र छातीत राहते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रश्न काढणाऱ्यांनी रोग्याचा धंदा आयता देऊ नये; ‘यापुढे रोग्याला काय विचाराल?’ असेही विचारावे. आमच्या भावी डॉक्टरांनी प्रत्येक खोकल्यामागचे काम, खाते आणि वर्षे केसपेपरवर लिहावीत. आणि कामगार बांधवांनो, ‘कंपनीत आहे’ एवढ्यावर थांबू नका. काय काम करता ते सांगा, लिहून घ्यायला लावा, गेटपास आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. केसपेपरवरची ती एक ओळ उद्या तुमच्या हक्काचा पुरावा ठरेल.