तिसरी रांग कुणासाठी? गाडी घ्यायच्या आधी उसाचं बिल समोर ठेवा



या आठवड्यात खोडव्यातल्या पाचटाबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण कारखान्याची बिलं जमा व्हायला लागली की आमच्या भागात पाचटापेक्षा गाडीचीच चर्चा जास्त होते. चार दिवसांत तिघांनी विचारलं, आण्णा, मोठी घेऊ का मधली? मोठी म्हणजे सात सीटची, तीन रांगांची. मधली म्हणजे पाच सीटची, दोन रांगांची, क्रेटा-सेल्टॉस-ग्रँड विटाराच्या मापाची. तिघांनाही एकच सांगितलं, मधली घे. तिघांचेही चेहरे पडले. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग आला तर येऊ द्या.

पहिलं कारण सगळे एकच देतात. "घरात माणसं जास्त आहेत." एकाला विचारलं, किती? म्हणाला आठ. म्हटलं, मग सातच्या गाडीत आठवा कुठं बसवणार? हसला. पण गाडी सातचीच घेणार म्हणतो.

माझ्या चुलतभावाकडं तीन रांगांची गाडी आहे. मला वही ठेवायची सवय, फवारणी कधी, पाणी कधी, कोणत्या प्लॉटला किती युरिया. तशीच वर्षभर त्याच्या गाडीची नोंद ठेवली. पाचपेक्षा जास्त माणसं गाडीत बसली असे दिवस भरले नऊ. दोन लग्नं, एक साखरपुडा, तुळजापूर, कोल्हापूरचं देवदर्शन, दोनदा दवाखाना आणि दोनदा पोरांना मामाच्या गावाला सोडणं. बाकी वर्षभर तिसरी रांग पाडलेली, तिच्यावर पाण्याचा कॅन आणि पोतं. आमच्याकडं सात सीटची गाडी ड्रायव्हरसकट दिवसाला साडेचार-पाच हजारात भाड्यानं मिळते. नऊ दिवसांचे झाले पंचेचाळीस हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता पैशाचं बोलू. तालुक्याच्या ठिकाणी जाऊन दोन कोटेशन आणली. मधली, दीड लिटरचं डिझेल इंजिन, मधलं मॉडेल, रस्त्यावर येईपर्यंत साडेअठरा लाख. मोठी, दोन लिटर डिझेल, लोक घेतात ते वरचं मॉडेल, साडेसव्वीस लाख. फरक आठ लाखांचा. शोरूमवाला पोरगा म्हणाला, काका, आठ लाख म्हणजे हप्त्यात फक्त तेरा हजार वाढतील. "फक्त" हा शब्द त्यानं इतका गोड उच्चारला की क्षणभर खरा वाटावा.

आठ लाख, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता तेरा हजार पंचाहत्तरच्या आसपास येतो. चौऱ्याऐंशी हप्त्यांचे होतात जवळजवळ अकरा लाख. हे पूर्ण गाडीचे नाहीत, फक्त मोठी घेतल्याचे जादा. आता उसात मोजा. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याची एफआरपी टनाला ३५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात तीन हजार धरू. अकरा लाख म्हणजे साधारण ३६५ टन ऊस. एकरी ४५ टन धरला तर आठ एकरांचा सगळा ऊस. आणि हे नुसतं उत्पन्न झालं. बेणं, खत, मजुरी, वीज वजा केली तर मागच्या सीटवर किती एकर बसलेत ते ज्यानं त्यानं आपल्या वहीत बघावं.

पण आकड्यापेक्षा वाईट आहे ती तारीख. पगारदाराचा पगार एक तारखेला येतो, हप्ता पाच तारखेला जातो. त्याचं जमतं. आपलं बिल वर्षातून एकदा. कायदा सांगतो ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, आणि काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. डाळिंबवाल्याचं बहराला, कांदेवाल्याचं बाजाराला. हप्त्याला मात्र पावसाळा नाही, उन्हाळा नाही.

मग माणूस काय करतो? गाडीचा हप्ता चुकला तर फायनान्सवाले दारात येतात, गाडी घेऊन जातात, गाव बघतं. सोसायटीचं पीककर्ज थकलं तर दारात कुणी येत नाही. म्हणून हप्ता आधी भरतो आणि सोसायटी मागं ठेवतो. आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्के पडतं. ते थकवून साडेनऊ टक्क्यांचं कर्ज फेडायचं! आणि मुदत गेली की शून्य टक्केही गेले. आमच्या सोसायटीत असे बरेच आहेत. कर्जमाफीच्या बातमीकडं डोळे लावून बसतात आणि चावी बोटात फिरवतात. राग येतो बघून.

कुणी म्हणेल, व्यापारी घेतोच की मोठी गाडी, कंत्राटदार घेतो. घेऊ दे. तो धंद्यात दाखवतो. वर्षाला १५ टक्के घसारा, वर कर्जाचं व्याज, डिझेल, दुरुस्ती, सगळं नफ्यातून वजा करतो आणि तेवढा आयकर वाचवतो. आपलं शेतीचं उत्पन्न करमुक्त. चांगलंच आहे ते, पण कर नाही म्हणजे वाचवायलाही काही नाही. घसारा आपल्यालाही लागतो, फक्त कागदावर न लागता थेट खिशाला लागतो. तीच गाडी त्याला स्वस्त आणि आपल्याला महाग पडते. त्याच्या दारात बघून आपण ठरवायचं नसतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, त्याचीही हवा आहे. आधी मोठ्या एसयूव्हीवर सेस धरून ५० टक्के लागायचे, दीड लिटरपर्यंतच्या मधल्यांवर ४५, आता दोन्हींवर ४०. म्हणजे सूट मोठीला जास्त मिळाली. शोरूमवाले तेच सांगतात, हीच वेळ आहे म्हणून. पण मोठ्या रकमेचे चाळीस टक्के हे लहान रकमेच्या चाळीस टक्क्यांपेक्षा जास्तच असतात. त्यावर आरटीओचा कर. आपल्याकडं डिझेलला दहा ते वीस लाखांच्या गाडीवर १४ टक्के, वीसच्या वर गेली की १५. माझ्या दोन कोटेशनमध्ये नुसत्या या करात सव्वा लाखाच्या आसपास फरक आहे. विम्याचंही तसंच. थर्ड पार्टीचा जून २०२२ ला ठरलेला वार्षिक दर १५०० सीसीपर्यंत ३४१६ रुपये, त्याच्या वर ७८९७. दुपटीपेक्षा जास्त. आणि डिझेल. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवली, मधलीनं लिटरला सोळा दिलं आणि मोठीनं बारा, तर अडीचशे लिटर जादा. नव्वदनं बावीस हजार पाचशे. बाकी टायर, सर्व्हिसिंग सोडून देतो.

आता त्या तिसऱ्या रांगेत नेमकं काय मिळतं ते बघा. टाटाची हॅरियर दोन रांगांची आणि सफारी तीन रांगांची. दोन्हीला तेच दोन लिटरचं डिझेल इंजिन, तेवढीच ताकद. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतरही तेवढंच, २७४१ मिलिमीटर. लांबी हॅरियरची ४६०५, सफारीची ४६६८. फरक ६३ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच. अडीच इंचात आख्खी रांग बसवली! जागा कुठून आली? डिकीतून आली, दुसरीकडून येणार कुठून. गाडी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, दोन्हींना डिसेंबर २०२३ मध्ये भारत एनकॅपचे पाच स्टार मिळालेत. पण त्याचाच अर्थ असा की सुरक्षेसाठी तिसरी रांग घ्यायचं कारण उरत नाही.

उलट सुरक्षेचा हिशोब मला तिसऱ्या रांगेच्या विरुद्धच दिसतो. त्या चाचणीत गाडी समोरून आपटतात, बाजूनं आपटतात, खांबावर बाजूनं आपटतात. मागून धडक देऊन बघत नाहीत. आणि तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याच्या डोक्यामागं वीतभर अंतरावर मागची काच असते. दोन रांगांच्या गाडीत मागून ट्रक आला तर आधी डिकी चेपते. तीन रांगांच्या गाडीत चेपायला डिकीच कुठं उरलीय?

आणि तिथं बसतं कोण? हे जरा मोकळेपणानं बोलूया. मालक पुढं. पाहुणे, दाजी, सरपंच मधे. मागं पोरं, सुना, आणि जागा उरली नाही तर आई. गुडघे छातीला लावून, एसीचा वारा पोचेना, उतरायचं तर मधल्यांना उठवायचं. दोघांच्या सीटवर पोरं म्हणून चार कोंबायची, बेल्ट दोनच. गाडी घेताना ज्यांच्या नावानं घेतली, "माणसं जास्त आहेत" म्हणून, त्याच माणसांना सगळ्यात वाईट जागा. मोठेपणा पुढच्या सीटवर बसतो आणि त्याची किंमत मागची सीट देते. आमच्या वहिनीला विचारलं होतं, मागं कसं वाटतं? म्हणाल्या, "भावजी, मला एसटी बरी, तिथं पाय तरी सोडता येतात."

शेतात न्यायचं म्हणाल तर तिथंही मोठेपणा उपयोगाचा नाही. क्रेटा रुंदीला १७९० मिलिमीटर, सफारी १९२२, आरसे सोडून. पाच इंचांचा फरक शोरूममध्ये दिसत नाही, पाणंदीत समोरून उसाची ट्रॉली आली की दिसतो. फॉर्च्युनर ४७९५ लांब, क्रेटा ४३३०. दीड फूट जादा लांबी घेऊन बांधाच्या कोपऱ्यावर वळवून दाखवा. आणि काळ्या रानात चिखलातून मोठी गाडी निघते हा समज तर काढूनच टाका. चिखलातून काढतं ते चारही चाकांना मिळणारं जोर आणि टायर, सीटची संख्या नव्हे. १९९८ ला आलेल्या जुन्या सफारीत फोर बाय फोर मिळायची, त्या नावावर लोक अजून भाळतात. २०२१ पासूनची नुसती पुढच्या चाकांवर चालते. स्कॉर्पिओ एनमध्ये चारही चाकांची मिळते, पण ठराविक मॉडेललाच, म्हणजे आणखी पैसे. तेच ग्रँड विटारा आणि हायरायडर या दोन रांगांच्या गाड्यांतही मिळतं. ज्याला खरोखर चिखलात जायचंय त्यानं ते विचारावं. बाकी रानात जायला ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आहेच.

सामानाचंही तेच. तिसरी रांग उभी केली की मागं दोन पिशव्या राहतात. माणसं न्यायची की सामान, एकच काहीतरी. पाच सीटच्या गाडीत पाच माणसं आणि डिकीत लग्नाचा आहेर दोन्ही जातं. कॅरेट, ठिबकच्या नळ्या, खताची पोती यासाठी पिकअप किंवा ट्रॉली लावा. आणि हो, कीटकनाशकाच्या बाटल्या बंद काचेच्या गाडीत पोरांबरोबर नेऊ नका, गाडी कोणतीही असो. हे कृषी सहायक सांगून थकले, मीही सांगतो.

ज्याच्या घरात रोज सहा-सात माणसं एका गाडीनं जातात, त्याचं वेगळं. पोरं शाळेला, आई डायलिसिसला, बायको नोकरीला, असं खरंच असेल तर सात सीटची घ्या. पण मग अर्टिगासारखी घ्या, निम्म्या पैशात येते आणि डिझेलचा धूरही नाही. ती घे म्हटलं की मात्र "ती टॅक्सी वाटते" म्हणतात. म्हणजे माणसं न्यायची नव्हतीच, मिरवायचं होतं. तसं सरळ बोला की राव. स्वतःच्या पैशानं मिरवणाऱ्याला मी कोण बोलणार? सोसायटी थकवून मिरवू नये एवढंच.

आठ लाखांचं काय करायचं ते मी सांगणार नाही, प्रत्येकाचं रान वेगळं. ठिबकला अल्पभूधारकाला ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के अनुदान आहे, मिळायला वेळ लागतो पण मिळतं. ज्यांचा ऊस अजून पाटपाण्यावर आहे आणि दारात तीन रांगा उभ्या आहेत, त्यांनी आपला पाणी-खताचा खर्च एकदा बघावा.

एवढं वाचूनही ज्याला मोठीच बघायची आहे त्यानं टेस्ट ड्राइव्हला जाताना एकट्यानं किंवा मित्रांबरोबर जाऊ नये. आईला न्या, तिसऱ्या रांगेत बसवा आणि गाडी गावच्या रस्त्यानं अर्धा तास चालवा, शोरूमसमोरच्या डांबरीवर नको. सगळ्या सीटा उभ्या ठेवून डिकीत एक कॅरेट ठेवून बघा. परत आल्यावर आई काय म्हणते ते ऐका, मग कोटेशनवर सही करा. सही करायच्या आधी पीककर्जाची मुदत कोणत्या तारखेला संपते ते सोसायटीच्या सचिवाला विचारून या.

पाचटाचं पुढच्या नोंदीत लिहितो. तोवर कुणी पेटवू नका.