देशपरीक्षा केसपेपरवर यावी

आतुराच्या देशपरीक्षेत चरकाचार्यांनी तीन गोष्टी जाणून घ्यावयास सांगितल्या आहेत : रुग्ण कोठे जन्मला, कोठे वाढला आणि कोठे व्याधिग्रस्त झाला. परीक्षेपुरते आपण सर्वांनीच हे पाठ केले. व्यवसायात मात्र केसपेपरवर नाव, वय व गाव एवढेच उरले. तेही सोबतचा माणूस सांगेल ते. मानवी तस्करीविषयी लिहिताना हे आठवण्याचे कारण असे, की गावापासून तोडून आणलेल्या माणसाची हकिकत नेमकी या तीन प्रश्नांपाशी अडखळते.

तस्करी म्हटली की महानगरातील वेश्यावस्ती डोळ्यांसमोर येते. परंतु २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी वस्तीतल्या सुमारे दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि त्यामागून एकेक प्रकरण उजेडात आले. एखादी मेंढी व काही हजार रुपये यांच्या मोबदल्यात मुले मेंढपाळांकडे राबावयास दिली गेली होती. ही मुले कुलपात नव्हती. उघड्या माळावर कळपामागे हिंडत होती. मेंढ्यांचे जंताचे औषध ज्या दुकानातून गेले, तेथूनच कदाचित या मुलांच्या जखमांचे मलमही गेले असेल.

इतरांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. काही वर्षांपूर्वी वीटभट्टीवरील एका मुलास मुकादम घेऊन आला. हातावर भाजल्याचा, पिकलेला व्रण. वय मुकादमाने सोळा सांगितले. मुलाची दुसरी दाढ अद्याप हिरडीबाहेर आलेली नव्हती. आम्ही सोळाच लिहिले. व्रण धुतला, जात्यादि तैलाची पट्टी बांधली, तिसऱ्या दिवशी बोलावले. तो आला नाही, आणि आम्ही चौकशीही केली नाही. दशविध परीक्षेत वयाचा समावेश आहे, हे आम्हांस त्या दिवशीही ठाऊक होते.

‘हे पोलिसांचे काम, वैद्याचे नव्हे’ असे काही व्यवसायबंधू म्हणतात. पोलिसांपर्यंत जो पोहोचूच शकत नाही, तो व्रण चिघळल्यावर आपल्यापर्यंत आणला जातो, एवढेच आम्ही म्हणू. शिवाय अठरा वर्षांखालील बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास खबर देणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तेथे मतभेदास जागाच नाही. उचल फिटेपर्यंत जाऊ न देणे ही वेठबिगारी १९७६ पासून कायद्याने बंद आहे, आणि तस्करीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ आहे.

मात्र प्रत्येक परगावच्या मजुराकडे संशयाने पाहणे हाही अन्यायच. ऊसतोडीवरील लाजरी सून बोलत नाही म्हणून सासू बोलते. त्यात काही वावगे नाही. वयाचा व शरीराचा मेळ नसणे, मजुरी दुसऱ्याच्या हाती जाणे, निरनिराळ्या मुलींसाठी एकाच गिऱ्हाईकाने चिठ्ठीविना गर्भपाताच्या वा झोपेच्या गोळ्या मागणे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर थांबावे. औषध दुकानदारांचे लक्ष या शेवटच्या बाबीकडे आमच्यापेक्षा आधी जाईल. सोबत्यासमोर जाब मात्र विचारू नये. त्याचे भोग मागाहून त्या मुलाच्याच वाट्यास येतात. बालकासाठी १०९८ व तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत.

आमच्या केसपेपरवर आता देशासाठी तीन ओळी छापून घेतल्या आहेत. संघटनेनेही तसा नमुना सर्वांस पुरवावा. त्या भरताना बहुधा गावाकडच्या पावसापाण्याच्याच गोष्टी निघतात. क्वचित रुग्णाआधी सोबतचाच माणूस तिन्ही उत्तरे देऊन मोकळा होतो. मग तपासणीचे निमित्त करून आम्ही त्यास बाहेरच्या बाकावर बसावयास सांगतो.