डोळ्यांना दिसेल असा ओटा

ठाकुर्लीत चोळेगावच्या जुन्या चाळींतून नव्वद फुटी रस्त्यावरच्या नव्या इमारतींत राहावयास गेलेली अनेक कुटुंबे माझ्याकडे उपचारांसाठी येतात. नव्या घराचे वर्णन ऐकताना मी एक प्रश्न हमखास विचारतो : ओटा कोणत्या रंगाचा आहे, आणि त्यापाशी उभे कोण राहते?

चाळीतल्या स्वयंपाकघरात काळा कडाप्पा, मागे पांढऱ्या टाइल्स आणि पायाखाली राखाडी शहाबादी असे. ही रंगसंगती कोणी योजलेली नव्हती. परवडेल तो दगड बसविला जाई. परंतु ओट्याची कड कोठे संपते, हे मंद उजेडातही कळत असे. आज ओटा, भिंत, ट्रॉल्या आणि फरशी सारेच शुभ्र आणि चकचकीत. छायाचित्रात ते खुलून दिसते, हे मान्य.

वय वाढते तसे डोळ्यांतील भिंग पिवळसर होते, बाहुली आकसते. विशीच्या मानाने साठीत पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू, काचबिंदू वा दीर्घकाळचा मधुमेह असेल, तर एका छटेतून दुसरी वेगळी ओळखण्याची शक्ती अधिकच उणावते. आपल्या ओळखीच्या नेत्रतक्त्यावर पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरे असतात. त्यामुळे ‘नंबर ठीक आहे’ असे ऐकून आलेल्या आजींना पांढऱ्या ओट्यावरची पांढरी बशी दिसत नाही, यात विसंगती काहीच नाही. क्रमाक्रमाने फिकट होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता निराळा असतो. तो नेत्रतज्ज्ञांकडून मागून घ्यावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात एक आजी भाजलेला हात घेऊन आल्या. उकळत्या चहाचे पातेले त्यांनी ओट्यावर ठेवले, ते निम्मे कडेबाहेर. सूनबाई म्हणाल्या, ‘‘अलीकडे त्यांचं लक्षच नसतं हो डॉक्टर.’’ लक्ष होते. कड दिसत नव्हती. (भाजल्यावर टूथपेस्ट लावू नये. वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरावा, बर्फ नको.)

ओटा फोडण्याची मुळीच गरज नाही. त्याच्या पुढच्या कडेला गडद रंगाची, उष्णता सोसणारी पट्टी बसवून घ्या. फलाटाच्या कडेला पिवळा पट्टा असतो, तोच हा विचार. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असेल, तर काळ्या मुठीची सुरी त्यावर हरवते. तेथे फिकट किंवा लाल मुठीची घ्या. कांदा, मुळा चिरण्यास गडद पाट आणि टोमॅटो, पालेभाजीस फिकट. शेगडीचे बटण बंद असताना खूण कोठे येते, तेथे नखांच्या लाल रंगाचा ठिपका द्या. चकाकत्या दगडावर दिव्याची तिरीप थेट डोळ्यांत येते. म्हणून दिवा वरच्या कपाटाखाली, आडोशाने लावावा.

फरशीचा नियम मात्र उलटा. तेथे ठसठशीत काळ्यापांढऱ्या चौकटी नकोत. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीस काळी फरशी खड्ड्यासारखी भासते, ती पाऊल उचलून टाकते आणि तोल जातो. फरशी एकरंगी, खरखरीत आणि भिंतीहून गडद असावी. उंबरठा वा पायरी असेल, तेथेच रंग बदलावा.

ताटाविषयीही थोडे. अल्झायमरच्या रुग्णांना ठळक रंगाच्या ताटांतून वाढले असता त्यांचे खाणे सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये नोंदविले. अभ्यास लहान होता, तरी केळीच्या हिरव्या पानावरचा पांढरा भात पाहिलेल्या आपणांस त्यात नवल वाटू नये. आजोबा दहीभात टाकतात अशी तक्रार असेल, तर पांढरी बशी बदलून पाहा. चार दिवसांत फरक पडला नाही, तर दातांची आणि गिळण्याची तपासणी करावी लागेल.

रंग निवडताना नमुन्यांचे छायाचित्र मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा. लाल आणि हिरवा एरवी कितीही वेगळे दिसोत, त्या चित्रात दोन्ही एकाच राखाडी छटेचे दिसले, तर जोडी बदलून आणावयास कारागिरास सांगा.