फेऱ्या सुरू झाल्या, आता वेळापत्रकाचं बोला

2025 हे साल गडचिरोली जिल्ह्यात एसटीच्या पहिल्या फेऱ्यांचं साल ठरलं. 1 जानेवारीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडा आणि अहेरीदरम्यानच्या बससेवेचा शुभारंभ झाला. एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या काटेझरीला बस गेली. जुलैमध्ये भामरागड तालुक्यातल्या मरकणारला गेली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच या गावांत प्रवासी बस आली. गावकऱ्यांनी तिचं वाजतगाजत स्वागत केलं, आणि ते योग्यच झालं.

पण पहिल्या दिवसाच्या कौतुकानंतर सोमवार येतो, मंगळवार येतो. त्या साध्या कामाच्या दिवशी गाडी किती वाजता येते, आणि परतीची गाडी किती वाजता निघते? गावाला बसचा खरा उपयोग किती, हे या दोन वेळांवरून ठरतं. या लेखात तेवढंच बोलायचं आहे.

शेतकऱ्याचा हिशेब साधा असतो. सकाळी निघावं, कचेऱ्या आणि बँक उघडी असताना तालुक्याला तीन-चार तास मिळावेत, आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावं. एवढं जमलं तर एकाच दिवसाची मजुरी बुडते. गाडी दुपारी पोहोचली, किंवा परतीची आधीच निघून गेली, तर मुक्काम पडतो आणि दोन दिवस जातात. किसान सन्मानचा हप्ता 2000 रुपयांचा. ई-केवायसी अडलं म्हणून दोन-तीन खेपा झाल्या, तर त्यातले हातात उरतात किती, तुम्हीच मांडून पाहा.

पिकाला तर वेळेचं बंधन आणखी कडक. धानावर तुडतुडे आले की बांधीत जळाल्यासारखे गोल पट्टे दिसू लागतात, आणि दोन-चार दिवसांत ते पसरतात. औषध आणायला आज गाडी नाही, परवाही सांगता येत नाही, अशा गावात कृषी खात्याचा सल्ला कागदावरच राहतो. आम्ही गावोगाव फिरून सांगतो, बियाणं प्रमाणित घ्या, पावती घ्या, चार दुकानं पाहा. पण ज्याला खासगी जीप सुटायच्या आत परतायचं आहे, तो पहिल्याच दुकानात मिळेल ते घेऊन निघतो.

आता दुसरी बाजू पाहा. मानव विकास मिशनच्या निळ्या बसगाड्या आपल्या ओळखीच्या आहेत. सुरुवातीला तालुक्याला 5 आणि पुढे 7 गाड्या मिळाल्या. मुलींना गाव ते शाळा मोफत नेणारी ही योजना फार मोलाची आहे, तिला धक्का लागता कामा नये. पण तिचं वेळापत्रक शाळेच्या घंटेवर बांधलेलं आहे. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. तेंदूचा हंगाम मे महिन्यात, आणि बियाणं-खताची खरेदी जूनमध्ये. म्हणजे गावाला बाजाराची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी. शाळेच्या फेरीवर गावाचा सगळा व्यवहार टाकता येत नाही, तो असा.

एसटीची अडचणही समजून घेतली पाहिजे. गडचिरोली विभागात आगारं तीन: गडचिरोली, अहेरी आणि ब्रह्मपुरी. त्यातलं ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्यात. गडचिरोली जिल्ह्याचा पसारा 14,400 चौरस किलोमीटरच्या वर, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम पावणेअकरा लाख. गावं लहान, मध्ये जंगल. अशा मार्गावर भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचं प्रमाण, कमीच राहणार. मग काय होतं? भारमान कमी म्हणून फेरी अनियमित होते. फेरी अनियमित म्हणून लोक फाट्यावर थांबायचं सोडून काळी-पिवळीत बसतात. त्यामुळे भारमान आणखी घसरतं, आणि शेवटी कागदावर लिहिलं जातं की प्रवासीच नाहीत. 2021 च्या ऑक्टोबर अखेरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात तर लोकांची एसटीची सवयच सुटली.

यात एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. या सवलतीची भरपाई शासन महामंडळाला देतं. पण ज्या गावात एसटीच जात नाही, तिथल्या बाईला जीपचं पूर्ण भाडं मोजावं लागतं. म्हणजे शासनाचा पैसा जिथं बस आहे तिथंच पोहोचतो, आणि सगळ्यात दूरची, सगळ्यात गरीब बाई त्यातून सुटते.

कायदा काय सांगतो? 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याच्या कलम 18 नुसार पुरेशी आणि किफायतशीर सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य आहे. त्याच कायद्याचं कलम 22 म्हणतं, कारभार व्यापारी तत्त्वावर करा. जंगलपट्टीत ही दोन कलमं एकमेकांना भिडतात. तोटा एकट्या आगारावर टाकला, तर आगार दुसरं कलम पाहणार, हे उघड आहे.

तेव्हा तोट्याला वेगळी वाट काढली पाहिजे. केरळात 2022 पासून ग्रामवंडी नावाची योजना आहे. गाडी आणि कर्मचारी महामंडळाचे, डिझेलचा खर्च स्थानिक स्वराज्य संस्थेचा, आणि मार्ग गावाच्या गरजेप्रमाणे. आपल्या ग्रामपंचायतींना हा भार पेलणार नाही, हे खरं. पण चंद्रपुरात कोळसा आहे आणि एटापल्ली तालुक्यात सुरजागडचं लोहखनिज आहे. 2015 च्या कायदा दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली, ती खाणबाधित लोकांच्या आणि भागाच्या हितासाठीच. ज्या तालुक्याच्या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक धावतात, तिथल्या बसच्या डिझेलला या निधीतून हात लावता येतो का, हा प्रश्न लोकप्रतिनिधींनी जिल्हा नियोजनाच्या बैठकीत लावून धरण्यासारखा आहे.

आणि तुम्ही काय करायचं? नुसता "बस सुरू करा" असा अर्ज देऊ नका, त्यात वेळ लिहा. आठवडी बाजार कोणत्या दिवशी, बँकेचं काम किती वाजता, शाळा किती वाजता, परत किती वाजता यायचं, हे ग्रामसभेच्या ठरावात नोंदवा आणि आगार व्यवस्थापकाला द्या. एकाच रस्त्यावरच्या चार-पाच गावांनी मिळून ठराव दिला, तर त्याला वजन येतं. सकाळच्या गाडीसाठी मुक्कामी फेरी मागायची असेल, तर चालक-वाहकाला रात्री राहायला बंदिस्त खोली, पाणी आणि वीज गावानं आधी दाखवावी. शिवाय एक वही ठेवा. गाडी आली की नाही, किती वाजता आली, किती माणसं चढली, रोज टिपा. कमी भारमानाच्या कागदाला उत्तर द्यायला तीन महिन्यांची अशी वही पुरेशी होते.

आपल्याकडच्या कितीतरी ग्रामसभा तेंदू-बांबूचा व्यवहार स्वतः सांभाळतात. त्यांना बसची वही जड नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, ते आपल्या हातात नाही. उरलेल्या दिवसांची गाडी मात्र वेळेवर यावी, हे मागणं रास्त आहे.