घाटात वाट कोणी द्यावी?

मार्गशीर्ष लागला म्हणजे घरातील तरुण मंडळींस तोरणमाळची आठवण होते. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले हे सातपुड्यातील पठार आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. उंची साडेतीन हजार फुटांहून अधिक. शहाद्यास ऊन असते, म्हणून एका सदऱ्यावर फटफटी काढतात आणि पहाटे यशवंत तलावाकाठी कुडकुडत बसतात. कुडकुडण्याने फारसे बिघडत नाही. परंतु गारठलेली बोटे ब्रेकवर वेळेवर वळत नाहीत.

पावसाने वाहून आणलेली खडी घाटाच्या वळणांवर पडलेली असते. तीवर दंव पडले की चाक घसरते. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. सारखा दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो. पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करणे ही काटकसर नव्हे, शुद्ध अविचार होय.

रस्ता अरुंद असेल तेथे उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असा कायदाच आहे. कारण चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा हलविणे कठीण. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणास द्यावी याची यादी आहे. तीत गाडीवाला आहे खरा, पण ओझेवाला आणि स्त्री हेही आहेत. डोक्यावर मोळी घेतलेली पावरा बाई दोन्ही नात्यांनी मानाची. तिच्यामागे भोंगा वाजवून तिला कडेला रेटणारे आमचे पदवीधर पाहिले म्हणजे लाज वाटते. भोंगा आंधळ्या वळणावर वाजवावा, तेथे तो अवश्य आहे.

परतीस तीनलाच निघावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि घाटात अंधार त्याहून लवकर उतरतो.