दुसरा क्रमांक आणि दोन जागा

कोलकाता महानगरपालिकेसाठी १९ डिसेंबर २०२१ रोजी झालेल्या निवडणुकीत तृणमूल काँग्रेसने १४४ पैकी १३४ प्रभाग जिंकले. भारतीय जनता पक्षाला तीन व काँग्रेसला दोन जागा मिळाल्या. डाव्या आघाडीच्या वाट्यालाही दोनच आल्या: एक मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची, दुसरी भारतीय कम्युनिस्ट पक्षाची. मतांच्या हिशेबात मात्र सुमारे बारा टक्के मते मिळवून डावी आघाडी दुसऱ्या क्रमांकावर आली. ६५ प्रभागांत तिचे उमेदवार दुसरे होते.

या निकालाचे मूल्यमापन कोणत्या मापाने करावयाचे?

त्याच वर्षी मे महिन्यात स्वातंत्र्यानंतर प्रथमच राज्याच्या विधानसभेत डाव्यांचा एकही प्रतिनिधी उरला नव्हता. ७७ जागा जिंकून प्रमुख विरोधी पक्ष बनलेला भाजप सात महिन्यांतच महानगरात नऊ टक्क्यांच्या आसपास आला. धर्माच्या नावावर झालेली मतांची विभागणी अटळ नसते, हे यातून सिद्ध झाले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूचे सिलिंडर घरोघर पोहोचविणाऱ्या ‘रेड व्हॉलंटिअर्स’च्या तरुणांचे श्रम अगदीच वाया गेले नाहीत, असे मानण्यास जागा आहे.

परंतु येथेच समाधान मानणे आत्मवंचना ठरेल. २०१५ मध्ये डाव्या आघाडीचे १५ नगरसेवक होते. मतदानाच्या दिवशी शियालदह परिसरात बॉम्ब फेकले गेले; मतदान केंद्रे बळकावल्याच्या तक्रारी विरोधकांनी केल्या. दडपशाहीचा निषेध झालाच पाहिजे. तथापि सारा पराभव तिच्या माथी मारता येत नाही. २००५ मध्ये परत मिळविलेली महापालिका डाव्या आघाडीने २०१० मध्ये गमावली, आणि पुढील वर्षी चौतीस वर्षांची राज्यसत्ताही गेली. जनतेच्या नाराजीची पहिली सूचना प्रभागातून येते. तीकडे दुर्लक्ष करणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पश्चिम बंगालमधून डाव्यांना एकही जागा मिळाली नाही. महापालिकेतील दुसरा क्रमांक आपोआप पुढे सरकत नाही, हाच त्याचा अर्थ.

विरोधी पक्षाची कसोटी टक्केवारीत नसते. वस्तीतील नळाला पाणी नसताना, पावसाळ्यात गल्ली तुंबली असताना, भाडेकरूला घराबाहेर काढले जात असताना तेथे कोण उभे राहते, यावर ती ठरते. संकटकाळी दारात आलेला कार्यकर्ता संकट सरल्यावरही त्याच दारात दिसला, तरच सहानुभूतीचे मतात आणि मताचे संघटनेत रूपांतर होईल.